मेश्रामजी आणि जिलेबीची पुडी

जबलपुरातल्या घमापुरच्या बाजारात मेश्रामजींचं पशुखाद्याचं दुकान होतं. सशाचं खाणं मागायला कोणी नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारत, "लेंड्या आणल्या का?" नसतील तर विक्री नाही. घरी जा, पेटीतल्या लेंड्या कागदात बांधून आणा, मग बोलू. पहिल्या दिवशी मीही तशीच रिकाम्या हाताने परत आले. राइट टाउनच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई पर्समध्ये लेंड्यांच्या पुड्या घालून स्कूटरवरून घमापुरला जाते, याची मला भारी लाज वाटली होती. खरी लाज वाटावी असं मी पुढे जे केलं, ते सांगायलाच हे लिहिते आहे.

आमच्याकडे दोन ससे. माझ्या मुलीने, मुक्ताने, पांढऱ्या नराचं नाव पोहा ठेवलं आणि तांबूस मादीचं जिलेबी, कारण जबलपुरात सकाळी नाश्त्याला ही जोडी बरोबरच येते. दोघांच्या पेट्या वेगळ्या, म्हणून पुड्याही दोन. मेश्रामजींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, पुड्या काउंटरवर उघडल्या, एक लेंडी चिमटीत फोडली आणि म्हणाले, "रोटी कौन खिला रहा है?" तेवढ्यात मुक्ताचा फोन आला आणि मी तिच्याशी मराठीत बोलले. ते ऐकून गृहस्थ एकदम खुलले. "अच्छा, मराठी हाय का तुम्ही? चलो, मंग मराठीतच रागावतो. काहून पोळी खाऊ घालून राहिल्या ताई सशाले? त्याचं पोट हाय का ते पोळीचं?"

मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई उभी होती. ती खुदकन हसली. मीही हसले, पण ते हसणं मला लागलं.

मेश्रामजींची उमेदीची वर्षं जनावरांच्या एका दवाखान्यात गेली होती, गोठे झाडण्यात आणि डॉक्टरांच्या हाताखाली जनावरं धरण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. ढेप, चुनी, कोंडा यांच्या पोत्यांच्या रांगेत एका कोपऱ्यात सशांच्या पेलेटचं पोतं असे. त्यातल्या गोळ्या मातकट, एका रंगाच्या, दिसायला अगदी दरिद्री. नवं पोतं आलं की ते एक गोळी मोडत, हुंगत आणि सरळ तोंडात टाकून चावत. "गवताचा वास आला पाह्यजे. पिठाचा आला की वापस." पाकिटं कशी निवडायची तेही त्यांनीच मला शिकवलं. "पाकिटाचं तोंड नका पाहू, पाठ पाहा. तंतू किती लिहिले ते वाचा. जेवढे जास्त तेवढं बरं." रंगीत तुकडे, मक्याचे दाणे, सुकी फळं घातलेली महागडी पाकिटं ते दुकानात ठेवतच नसत. "ते सशासाठी नाही बनवत ताई, घेणाऱ्यासाठी बनवतात. ससा गोड गोड निवडून खाते, बाकीचं ठेवते."

पेलेट किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, "एक मूठ. तुमची नाही, पोरीची. बाकी पोटभर गवत." महिन्याला पुरेल त्याहून जास्त ते देत नसत, आणि महिना संपला की नवे पेलेट न्यायला पुन्हा पुड्या घेऊन यायचं. "माणूस काहीबी सांगते. लेंडी खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

वर्षभर सगळं छान चाललं. ससे तुकतुकीत झाले, खर्चही बेताचाच. मग मुक्ताच्या वाढदिवसाला कोणीतरी त्या रंगीत खाण्याचं मोठं पाकीट आणलं. पोह्याने त्याला तोंड लावलं नाही. जिलेबी मात्र हरखली. रंगीत दाणे वेचून खायची आणि मातकट गोळ्या आणि गवत तसंच ठेवायची. पंधरा दिवसांत तिच्या लेंड्या बारीक झाल्या, काही केसात ओवल्यासारख्या एकीला एक चिकटलेल्या. पोट बिघडत असल्याची ती खूण मला दिसत होती. जीवशास्त्रच शिकवते मी. पण एवढं पाकीट वाया कसं घालवायचं, संपलं की बंद करू, असं मी मनाशी ठरवलं.

आणि महिना संपला. आता मेश्रामजी पुडी उघडणार, बघणार, आणि चार लोकांत मला झापणार. मी पोह्याच्या पेटीतल्या टपोऱ्या लेंड्यांच्याच दोन पुड्या बांधल्या आणि एकीवर जिलेबीचं नाव लिहिलं. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना मी उभं करते. त्या दिवशी ते खोटं नाव मी नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं.

मेश्रामजींनी पुडी उजेडात धरली. "जिलेबीची तर एक नंबर हाय, ताई. अशीच ठेवा."

आठवड्याभरात जिलेबीने खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आतडी थांबली आहेत, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताच्या मांडीवरच तिने प्राण सोडला.

मी मेश्रामजींना खरं सांगायचं ठरवून घमापुरला गेले. जिलेबी गेली, एवढंच सांगून झालं आणि ते मटकन स्टुलावर बसले. "मीच पाह्यलं होतं ना. ह्या डोयानं पाह्यलं." मग उठून पोत्यातल्या मूठभर गोळ्या काढल्या, हुंगल्या, चावल्या, थुंकल्या, पुन्हा दुसऱ्या चावल्या. "गोळीत काही नाही. म्हणजे माह्यंच चुकलं. माफ करा, ताई." त्या वेळी दुकानात तिसरं कोणी नव्हतं. लाजायला कारणच नव्हतं. तरी मी, "असू द्या, व्हायचं ते होतं," असं म्हणाले. वर मोठेपणाही घेतला.

त्यानंतर त्यांनी पुड्या बघणं सोडलं. कोणी आणली तर हात जोडून म्हणत, "डॉक्टरले दाखवा. माह्या नजरेचं आता काही खरं नाही." मी दर महिन्याला हे ऐकत होते, पोह्याचे पेलेट घेत होते आणि परत येत होते. पुढच्या वेळी सांगू, असं दर वेळी म्हणत होते.

या हिवाळ्यात गेले तर गल्ल्यावर त्यांच्या पत्नी होत्या. मेश्रामजी वीस दिवसांपूर्वी झोपेतच गेले. त्या म्हणाल्या, "मागच्या साली त्यांनी दोनदा डोये तपासून घेतले. डॉक्टर म्हणे नजर साफ हाय. पण ते मानतच नव्हते. एका सशीचं मनात घेतलं होतं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दोन पुड्या, एकच ससा, नाव मी लिहिलेलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिल्या, ताई? त्यांना सांगाचं होतं."

माझ्या पर्समध्ये पोह्याची पुडी होती. सवयीने दर महिन्याला मी ती बांधत असे. त्यांनी महिन्याचे पेलेट तोलले, पिशवीला गाठ मारली आणि माझ्यासमोर ठेवली. पुडी मागितली नाही.