तीन खेपा

सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात मी नर्स आहे. पेठ तालुक्याकडच्या बायकांची टोळी द्राक्षबागेत कामाला आणणारी एक मुकादमीण आमच्याकडे सारखी येते. तिच्या मागे टोळीतली कुणीतरी असतेच, सुजलेल्या गालाला पदर लावून.

आधी तिचा आवाज आत येतो, मग ती. "सिस्टर, हिचा काढून टाका." दात भरता येईल म्हटलं की हसते. हसली की दिसतं, डावीकडे तिला एकही दाढ नाही. "भरायला तीनदा यावं लागतं. बाग थांबती का आमच्यासाठी?" मला तिचा राग यायचा. पुढे पुढे तर ती दिसली की माझा हात आपोआप दात उपटायच्या पकडीकडे जायचा.

यंदा ती लेकीला घेऊन आली. मी सवयीने ट्रेमध्ये पकड ठेवली. तिने ट्रेच माझ्याकडे ढकलला.

"ही पकड आत ठेवा. हिचा भरायचा."

"तीन खेपा होतील," डॉक्टर म्हणाले.

"व्हऊ द्या."

"आणि बाग?" मी विचारलंच.

"बागंला पुढच्या साली परत घड येतील. हिला दाढ येणार नाय."

घड विरळ करायच्या ऐन घाईत ती तीनदा आली. शेवटच्या खेपेला, बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्या बायकांपुढे तिने लेकीला उभं केलं.

"आ कर," म्हणाली.

बायका वाकून वाकून बघत होत्या. त्यातली एक हळूच माझ्याकडे वळली.

"सिस्टर, माझा पण दात ठेवता येईल का?"