आई काशीला आंबा सोडायला निघाली

काशीला जायचं माझं कारण संग्रहालयं, आणि आईचं कारण आंबा. दापोलीच्या स्टँडवर जी जी ओळखीची बाई भेटली ती हे ऐकून आधी हसली, मग आईचा चेहरा बघून गप्प झाली.

नीट सांगते. माझं दापोलीत औषधांचं दुकान आहे, आणि जुन्या मूर्ती, नाणी, चित्रं बघत हिंडणं हे माझं व्यसन. सारनाथचे ते चार सिंह एकदा डोळ्यांनी बघायचे, हे कितीतरी वर्षं मनात होतं. सोबतीला नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दगड बघायला एवढ्या लांब? आपल्याकडे कातळ काय कमी आहे?" आई मात्र एका पायावर तयार. "मी येत्ये. मला तिथे आंबा सोडायचाय."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: काशीला गेलं की आवडीची एखादी खायची वस्तू कायमची सोडायची, अशी आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक लोक हुशार असतात, कारलं सोडून येतात. आमच्या शेजारणीने सुरण सोडला, कारण तसाही तो तिला खाजायचा. पण दापोलीजवळच्या केळशीच्या आंबा बागायतदाराची बायको, जिचे सगळे मे महिने हापूसच्या पेट्या भरण्यात गेले, तिने आंबा सोडायचा?

बाग दिवाळीनंतर विकली होती. बाबा गेल्यावर आईने ती एकटीने सांभाळली, पण तिचे गुडघे बोलू लागले, माकडांनी उच्छाद मांडला, दादा मुंबईला आणि मी दुकानात. सगळ्यांनी बसून ठरवलं, आईनेही हो म्हटलं. चिपळूणच्या एका भल्या गृहस्थाने घेतली. भांडण नाही, तंटा नाही. तरी त्या दिवसापासून आईने बागेच्या रस्त्याला पाऊल टाकलं नाही. आणि आता आंब्यावरच पाणी सोडायला निघाली होती! बाग गेली ती गेली, निदान आंबा तरी तिच्या तोंडी राहू दे, असं मला वाटत होतं. घाटावर पोचेपर्यंत तिचं मन वळवायचंच, असं मी ठरवलं.

माघाचा महिना होता. आईला घेऊन केळशीहून एसटीत बसले तेव्हा मोहोराचा वास थेट खिडकीतून आत येत होता. आईने खिडकी लावून घेतली. "गार लागतंय गो," म्हणाली. गार कसलं, मला घाम आला होता.

दापोलीला रेल्वे नाही, म्हणून एसटीने खेड, तिथून कोकण रेल्वेने मुंबई आणि मग बनारसची लांबची गाडी. बरोबर वयस्कर माणूस असेल तर खालचा बर्थ आधीच बघून घ्या. उत्तरेकडे धुक्याने गाडी रखडते, म्हणून खायचं जास्तीचं ठेवा. आमच्याकडे आईच्या कृपेने घावनं, चटणी आणि इतके लाडू होते की समोरच्या जबलपूरच्या कुटुंबालाही पुरले. गाडी रखडली की मी मोहिमेला लागायचे.

"आई, मासे सोड की."

"मासे सोडून केळशीत राहू कशी?"

"आणि आंबा सोडून राहशील?"

"तो वर्षातून दोन महिने. निभेल."

"बरं, हापूस सोड. रायवळ खा."

"देवाशी वकिली करत्येस?" आईने पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि विषय संपला.

काशीत आम्ही ब्रह्माघाटाजवळ उतरलो. तिथे पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यातल्याच एका गुरुजींच्या घरी वरची खोली मिळाली, दोघींना जेवणासकट दिवसाला बाराशे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडते. पुढे तुम्ही, तुमची बॅग आणि वाटेत ठाण मांडून बसलेला सांड. चाकांची बॅग त्या फरशांवर काही कामाची नाही, पाठीवरची न्या. गुरुजींच्या बायको, काकू, घरात आमच्यासारखंच मराठी बोलतात, मात्र चिडल्या की हिंदीत. केळशी म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे हापूसवाले! पण आमचा लंगडा खाल्लाय का कधी? हापूस विसराल!" आई नुसती हसली. एरवी हापूसला कोणी असं बोलून आमच्या घरातून धड बाहेर पडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचोरी-जिलबी हाणली. हिवाळा असेल तर मलइयो नावाचा दुधाचा केशरी फेस चाखा, जिभेवर ठेवला की गायब. मग विद्यापीठातलं संग्रहालय. तिथली लघुचित्रं बघायला अख्खा दिवस हवा. मी आपली एकेका काचेपुढे खुळ्यासारखी उभी, आणि मागे वळून बघते तर आई नाही. शोधत गेले. ती एका वीतभर चित्रासमोर होती. आमराई, खाली वाट बघत बसलेली एक बाई, दूरवर ढग.

"चल ना, पुढे कितीतरी आहे."

"तू जा. मी इथेच आहे."

मी अख्खं दालन बघून परत आले, तरी ती तिथेच होती. "ही कोणाची वाट बघत्येय गो?" तिने विचारलं.

"प्रियकराची असणार. अशा चित्रांत तेच असतं."

"असेल," आई म्हणाली. "मला वाटलं, झाडांचीच राखण करत्येय."

सारनाथला मी शहाणी शुक्रवारी गेले. संग्रहालय बंद! इंटरनेटवर सगळं बघून ठेवलं होतं, हे एवढं सोडून. तुम्ही वार नक्की विचारून घ्या. त्या दिवशी स्तूपाभोवती हिंडलो, हिरवळीवर बसून शेंगा खाल्ल्या आणि शनिवारी पुन्हा रिक्षा केली.

आणि मग ते सिंह. दारातून आत शिरल्याबरोबर समोर! फोटोत, नोटांवर, शिक्क्यांवर हजारदा बघितलेले, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतका जुना दगड आणि अजून अशी झिलई. आईने हळूच विचारलं, "रोज तेल लावतात का यांना?" पुढच्या दालनांत बुद्ध, तारा, आणि नाक फुटलेल्या कितीतरी मूर्ती. आई प्रत्येकीला हात जोडत होती. रखवालदाराने एकदा खाकरून बघितलं आणि मग सोडून दिलं.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "हार नाही, दिवा नाही. बिचारे आपापल्या देवळांतून उठून इथे आले."

"सुरक्षित तरी आहेत ना. लोक बघायला येतात."

"येतात की. मी कुठे नाही म्हणत्ये? पण बघायला येणं वेगळं नि घरचं असणं वेगळं."

मला राहवलं नाही. "आई, तू बागेवर रागावून आंबा सोडत्येस का? आमच्यावर?"

"खुळी का काय! राग कसला? बाग मीच विकली, माझ्या हाताने सही केली." मग म्हणाली, "अगो, उद्या मे महिना येईल. तू आणशील, दादा पाठवेल, शेजारपाजारचे आणून देतील. विकतचा आंबा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. नि नको म्हटलं की जो तो विचारणार, का गं, काय झालं? काशीत सोडला म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

माझ्या सगळ्या मोहिमा तिथेच संपल्या. इतके दिवस मी तिला मासे सोड, हापूस सोड असं सुचवत होते! रडू आलं, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता म्हणून रडताही येईना.

रविवारी सकाळी गुरुजी आम्हाला घाटावर घेऊन गेले. गंगा थंडगार, आई कुडकुडत तीन बुड्या मारून वर आली. गुरुजींनी तिच्या ओंजळीत पाणी दिलं. "काय सोडणार, आई?"

"आंबा."

गुरुजी थबकले. "केळशीच्या ना तुम्ही? पुन्हा विचार करा. आंबा म्हणजे सगळा आंबा बरं का. लोणचंसुद्धा."

"लोणचं पण?" आईचा चेहरा उतरला. माझी आशा एकदम उसळली. लोणच्याने तरी वाचवलं, असं वाटलं. तिने गळणारी ओंजळ घट्ट केली. मग म्हणाली, "असू दे. सांगा मंत्र."

तिने पाणी सोडलं. न राहवून मीही ओंजळ पुढे केली. "गुरुजी, मला पण द्या. मीही आंबाच सोडते."

आईने माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता, पण पकड बागेत फांदी वाकवायची तीच. "तू नाही," म्हणाली. "घरात कोणीतरी खाणारं हवं." आणि गुरुजींकडे वळून, "इथे चहा कुठे बरा मिळतो हो?"

परत येऊन आता तीन महिने झाले. काशीचं काय राहिलं म्हणाल तर सिंह आहेत, मलइयो आहे, पण मिटल्या डोळ्यांपुढे येते ती त्या वीतभर चित्रासमोर उभी असलेली आईची पाठ. संग्रहालयांत मी एवढी वर्षं हिंडले ती नावं नि शतकं वाचत. तिथलं सगळं ज्याचं होतं त्याच्यापासून सुटलं, म्हणून तिथे आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात चिपळूणच्या त्या गृहस्थांनी केळशीला बागेतली पहिली पेटी पाठवली. मी दुकान बंद करून धावले. मला वाटलं, आई ती तशीच शेजारी देऊन टाकेल. पण तिने खोलीत गवत पसरून आंबे पिकत घातले होते. रोज एकेक उलटून बघत होती, डागी वेगळा काढत होती. आज सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा तिने त्यातला एक उचलला, देठापाशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"हा विहिरीकडच्या कलमाचा," म्हणाली. "तुझ्या बाबांनी आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं."

आंबा धुऊन तिने माझ्या हातात दिला आणि समोर पाट ओढून बसली. मी पहिला घास घेतला.

"गोड आहे?"

मी मान हलवली.

"मग सावकाश खा गो," आई म्हणाली. "मला बघू दे."