सव्वीस जानेवारीची एक रन

काही गोष्टी आपण मुद्दाम जपत नाही. कपाटावरच्या सूटकेसवर धूळ साठते तशा त्या आपोआप साठतात. आमच्या बेसबॉलचे किस्से तसेच. शाळा कधीच सुटली, तरी दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकलं की आम्ही परळच्या मैदानावर जमतो. डिलाईल रोडच्या मुली विरुद्ध कॉटन ग्रीनच्या मुली. मुली फक्त सरांच्या लेखी. बाकी निम्म्या जणींचे गुडघे केव्हाच रिटायर झालेत.

सर म्हणजे आमचे शाळेतले पीटीचे सर. अंपायर तेच, वही लिहिणारेही तेच. तिन्ही बेस फिरून, जिथून मारलं त्या होमला परत पाय लावला की एक रन, आणि रन काढणारीचं नाव वहीत. वहीत सगळ्यांची नावं आहेत. माझं नाही. एकदाही नाही!

"नीता, माझं वय बघ," सर दरवर्षी म्हणतात, "जरा मनावर घे."

* * *

पहिल्याच वर्षी माझा बॉल सणसणीत बसला होता. मी सुटले! एक बेस, दुसरा, तिसरा. पण आमचं सगळं बालपण चाळीच्या गॅलरीत क्रिकेट खेळण्यात गेलेलं. इथं बॅट टाकून पळायचं असतं, माझी हातातच! होम हातभर लांब असताना मी वाकून बॅट टेकवली आणि थाटात उभी राहिले. टाळ्यांची वाट बघत.

होमपाशी कॉटन ग्रीनची कॅचर सुनंदा. शाळेत माझ्याच बाकावर बसायची. ती सावकाश चालत आली आणि माझ्या खांद्याला बॉल लावला. बेसवर नसताना बॉल लागला की आऊट.

सर म्हणाले, "रन बॅटला देऊ का? तीच आधी पोचली."

* * *

नंतर एकदा मी तिसऱ्या बेसवर होते. आमच्या चारूनं बॉल मारला आणि पळाली. मी सवयीनं हात वर केला, "नो! नो! मागे जा!" ती बिचारी आज्ञाधारकपणे मागे गेली. ती आऊट, इनिंग संपली, मी तिसऱ्या बेसवर पुतळ्यासारखी.

"अगं, इथं विचारायचं नसतं, पळायचं असतं!" सर ओरडले.

चारू अजून लग्नकार्यात भेटली की विचारते, "येऊ का पुढे, की नो?"

* * *

शेजारी कायम कुणाची तरी क्रिकेटची मॅच असते. एकदा मी मारलेला उंच बॉल त्यांच्यातल्या एका पोटवाल्या काकांनी डाइव्ह मारून पकडला. आयुष्यातला पहिला कॅच असावा. "हाऊज दॅट!" म्हणून त्यांनी अख्खं मैदान डोक्यावर घेतलं.

सरांनी बोट वर केलं.

"सर, ते आपल्या मॅचमध्ये नाहीयेत!"

"पण कॅच बघितलास का? मला सगळं दिसतं!"

* * *

एका वर्षी सासूबाई बघायला आल्या. झाडाखाली बसून पूर्ण मॅच बघितली. मी दुसऱ्या बेसपर्यंत पोचून नेहमीसारखी आऊट. घरी जाताना म्हणाल्या, "चार ठिकाणी फिरान परत थंयच येवचा, मगे जातंस कित्याक गो?"

भांडी घासताना मी अजून स्वतःला विचारते, परत तिथंच यायचं तर जायचं कशाला?

* * *

यंदा जेमतेम नऊ-नऊ जणी जमल्या. होमची रबरी प्लेट मागच्या वर्षी कुणीतरी नेली, म्हणून सुनंदानं घरचं पायपुसणं आणून टाकलं. सरांनी वही उघडायच्या आधीच सांगितलं, पुढच्या वर्षी ते मुलाकडे नाशिकला जाणार, कायमचे. म्हणजे वहीही जाणार.

शेवटच्या इनिंगला मी तिसऱ्या बेसवर. चारूनं मारलं, मी पळाले. बॉल माझ्याआधी सुनंदाच्या हातात! मी मागे वळले, ती माझ्यामागे. मी पुढे, ती पुढे. दोन फेऱ्यांत दोघींच्या छातीचा भाता चालू.

"नीता, बस गं जरा," ती म्हणाली. "पळायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ."

ती पायपुसण्याशेजारी बसली, बॉल मांडीवर. मी चार फुटांवर. मॅच चालूच.

"लेक बंगलोरला गेली ना," सुनंदा समोर बघत म्हणाली. "सकाळी अजून दोन डबे काढते मी. मग एक परत ठेवते."

"हं," मी म्हटलं आणि बसल्या बसल्या वीतभर सरकले.

"घर एवढं शांत असतं ना, कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. सरकतेस का गं?"

"छे गं, खडा टोचतोय. तू बोल."

ती बोलत राहिली. मी सरकत राहिले. पाय लांब केला तरी हातभर कमी पडत होता. आणि मग मला दिसलं. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, सुनंदा टाचेनं ते पायपुसणं माझ्याकडे ढकलत होती.

मी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि ओरडले,

"मला काही दिसत नाहीये हं!"