रिपोर्ट कुणाला दाखवायचा

यशोधरा पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण ती प्रोग्रॅम लिहीत नाही. लोकांना नेमकं काय हवंय ते विचारून घ्यायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना समजेल असं मांडून द्यायचं, हे तिचं काम. कर्जतला राहणाऱ्या तिच्या आईला, चांगुणाबाईला, हे काम कधी नीट उमगलं नाही. "म्हंजी इचारायचा पगार भेटतो तुला?" असं ती म्हणायची, आणि यशोधरा हो म्हणायची.

गेल्या वर्षी कंपनीला राशीनच्या रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं काम मिळालं. केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. यशोधरा त्याच भागातली, म्हणून तिच्या वरिष्ठ लीना मॅडमनी तिलाच पाठवलं. "दवाखान्याशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाशी बोल," त्या म्हणाल्या. "पेशंटशीसुद्धा. त्यांना कुणी विचारत नाही."

सकाळी बसमधून तिनं आईला फोन केला. संध्याकाळी घरी येते म्हणाली. आई म्हणाली, ये, मी रंगुबाईसंगं खुरपायला चालले. रंगुबाई म्हणजे शेजारीण.

दवाखान्यात आधी डॉ. शामकांत भेटले. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. रिपोर्ट आला की पेशंटच्या घरच्यांच्या मोबाईलवर आपोआप मेसेज गेला पाहिजे. "शुगर-बीपीचे पेशंट घरी सांगत नाहीत," ते म्हणाले. "औषध मध्येच सोडतात. मग पाय काळा पडला की मुलगा उचलून आणतो आणि मलाच विचारतो, आधी का नाही सांगितलं."

यशोधराला ते पटलं. तिनं ते लिहून घेतलं.

मग शुभांगी सिस्टर भेटल्या. "मेसेज नकोच," त्या म्हणाल्या. "अख्ख्या घरात एक मोबाईल असतो आणि तो सासऱ्याच्या खिशात. एका पोरीच्या तपासणीचा रिपोर्ट असाच घरात फुटला. ती परत आलीच नाही इकडं."

यशोधराला हेही पटलं. तेही तिनं लिहून घेतलं. डॉक्टरांच्या ओळीखाली ती ओळ बघताना मात्र तिला काही सुचेना. दोघंही पेशंटच्याच भल्याचं बोलत होते.

पेशंटना विचारावं म्हणून ती बाहेर बाकांकडं आली. दोन-चार बायकांशी बोलून पुढं सरकली, तर समोर चांगुणाबाई बसलेली. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला पट्टी.

"आई, तू इथं?"

"बस की," चांगुणाबाई म्हणाली. ती दचकली असेल, पण तसं दिसू दिलं नाही.

"पायाला काय झालं? तू तर खुरपायला..."

"तुझं काम चाललंय ना? समद्यांना इचारतीस, मला बी इचार."

आजूबाजूच्या बायका बघत होत्या. यशोधराला काय करावं कळेना, म्हणून तिनं खरोखरच विचारलं. "तुझा रिपोर्ट कुणी बघावा?"

"मी. आन डाक्टरनी."

"घरच्यांनी?"

"न्हाई."

"का?"

चांगुणाबाईनं पायाची पट्टी सारखी केली. "लेकीला कळलं तर ती म्हनंल, चल पुन्याला. मला न्हाई जायाचं पुन्याला. माझं समदं हितं हाय."

लेक दुसरीच कुणी असावी तसं ती बोलत होती. यशोधरानं ते शब्द तसेच उतरवले. मग आतून नाव पुकारलं आणि चांगुणाबाई भिंतीला धरून आत गेली. यशोधरा मागोमाग उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

दुपारी डॉ. शामकांतांनी तिला चहाला बोलावलं. मी चांगुणाबाईंची मुलगी, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी सगळं सांगितलं असतं, आनंदानं सांगितलं असतं. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली नाही. आईचा मान राखला की रागानं गप्प बसली, हे तिला अजूनही सांगता येत नाही.

संध्याकाळी घरी तिनं विषय काढला. आईला दोन वर्षांपासून शुगर होती. पायाची जखम नवी होती.

"रंगुबाईला माहीत आहे?"

"व्हय. तीच सोडती दवाखान्यात, तीच आनती."

"आणि मला नाही."

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"पुण्याला नेलं असतं."

"मग?" चांगुणाबाई म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

पुण्यात बैठक झाली तेव्हा यशोधरानं आधी मेसेज का हवा ते मांडलं. चांगलं मांडलं. मग मेसेज का नको तेही तितक्याच जोरात मांडलं. लीना मॅडमनी तिला थांबवलं. "तू कुणाच्या बाजूनं बोलतेयस?"

"मला कळत नाही, मॅडम," यशोधरा म्हणाली. आणि माझी आई तिथली पेशंट आहे, हेही तिनं सांगून टाकलं.

मॅडमनी काम काढून घेतलं नाही. चर्चा होऊन ठरलं ते असं, की नाव नोंदवताना पेशंटलाच विचारायचं, कुणाला कळवू? कुणालाच नको म्हटलं तरी चालेल. डॉ. शामकांत फोनवर नाराज झाले. "पाय गेल्यावर त्या उत्तराचं मी काय करू?" त्यांनी विचारलं. धोका दिसला तर डॉक्टरांनी पेशंटला पुन्हा विचारावं, एवढी भर यशोधरानं घातली. सहा महिने करून बघू, म्हणत ते तयार झाले.

नवी पद्धत सुरू झाल्यावर एकदा रजा काढून ती आईसोबत दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "मावशी, कुणाला कळवायचं?"

"रंगुबाईला," चांगुणाबाई म्हणाली. यशोधरा शेजारीच उभी होती. आईनं नंबर पाठ म्हणून दाखवला. लेकीचा नंबर तिला पाठ आहे की नाही, कोण जाणे.

यशोधरा बाहेर बसली. हा प्रश्न तिनंच लिहून दिला होता, आणि त्या उत्तराचं तिला वाईट वाटत होतं. वाईट वाटण्याचा आपल्याला हक्क आहे का, हेही ठरेना.

चांगुणाबाई बाहेर आली. "चल."

"काय म्हणाले?"

"बरं हाय म्हनले."

रिक्षात बसल्यावर यशोधरानं पुन्हा विचारलं, शुगर उतरली का? चांगुणाबाईनं गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"तू उद्या हायेस?"

"आहे."

"मग उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं सांगितलं. जखम भरतेय, गोळी बदललीय, भात कमी खायचाय. एवढंच आहे का, असं विचारावंसं यशोधराला वाटलं. पण ते न विचारता तिनं आईचा कप उचलला आणि धुवायला नेला.