चाकाखालचं लिंबू

मोठ्या इंजिनाची जपानी मोटारसायकल माणसाला मुक्त करते, असं माझा मित्र श्रीकांत म्हणायचा. त्याला ती रोज कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत मुक्त करायची.

तो गेल्यावर घरात यंदा सण नव्हता. तरी दसऱ्याला, "गाडीला कसलं सुतक?" म्हणत वहिनींनी तिला झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं.

"भावजी, एकदा सुरू करा. गल्लीत तिचा आवाज आला की मी चहा टाकायचे."

मी बटण दाबलं. बॅटरी केव्हाच उतरली होती. श्रीकांतचा आवाज आता नाही, हे आम्ही मान्य केलं होतं. गाडीचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ढकलू या," वहिनी हळूच म्हणाल्या.

दोघांनी जोर लावून लिंबू फोडलं. चहाला दूध नव्हतं, म्हणून मी डेअरीपर्यंत चालत गेलो. चार मिनिटं लागली.