रविवार, अवस आणि देवळाचे छप्पर

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर. काच फुटू नये म्हणून सर्व्हिस मोटारीत ती मांडीवर उभी धरून बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "कोणता देव?"

मी गडबडलो. "देव नाही, संत आहेत," एवढेच म्हणालो.

"वा! उद्या शिवरात्र. नसरापूरच्या बनेश्वरालाच निघालात म्हणा की."

मी मान अशी हलवली की तिचा अर्थ हो असाही व्हावा आणि नाही असाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तिथे गेल्यापासून ही मान हलवण्याची विद्या मला चांगली साधली आहे.

तसबीर संत योसेफांची होती. येशूचे पालक पिता, धंद्याने सुतार. पुण्यातल्या आमच्या फादरांनी ती मावशीच्या वाडीतल्या नव्या देवळासाठी दिली होती. ही वाडी विंझरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. तिथे पूर्वी आमची मोजकीच घरे होती आणि मिस्सा, म्हणजे आमची उपासना, एका कुडाच्या झोपडीत होई. पुढे घरे वाढली, आसपासच्या वाड्यांतूनही माणसे येऊ लागली, आणि झोपडीत निम्मी माणसे आत तर निम्मी उन्हात उभी राहू लागली. तेव्हा सगळ्यांनी मिळून दगडी देऊळ बांधायला घेतले. ओढ्यातले दगड, डोक्यावरच्या पाट्या, रात्रीचे जेवण झाल्यावर चुना मळणे, असे ते दोन वर्षे वर येत होते. त्याच देवळात मंगळवारी माझी मावसबहीण मार्था हिचे लग्न होते.

मंगळवार पुढे ढकलता येत नव्हता. बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होणार होता आणि त्या चाळीस दिवसांत आमच्यात लग्ने लागत नाहीत. नवरा मुलगा फ्रान्सिस याला कराचीच्या गोदीत नोकरी लागली होती, त्याला त्याच आठवड्यात निघायचे होते.

कात्रजचा घाट उतरल्यावर थंडी गेली. नसरापूरला मोटारीतून उतरलो तो सगळीकडे शिवरात्रीची गडबड. रताळ्यांचे ढीग, बेलाच्या जुड्या, पाळणे उभारणारी माणसे. वेल्ह्याच्या बाजूला जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीत आधीच एक पिळदार शरीराचे, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ बसले होते. मांडीशी खिळ्यांचे पोते होते.

"या, पावनं. ते काय, आरसा हाय का?"

"तसबीर आहे."

"बगू."

मी भीत भीत कागद सोडला. त्यांनी तसबीर हातभर लांब धरली, मग नाकाशी आणली.

"रंधा हाय हातात. सुतार व्हय ह्यो?"

"हो. येशूचे पालक पिता."

"आसंल, आसंल. पर दाडी लई सोच्च हाय. भुसा न्हाई कुठं. जेवाय बसल्यावर काडलंय जनू चित्र." गाडीवान खो खो हसला. मग त्यांनी तसबीर जपून परत दिली आणि मी कोण, कुठे निघालो हे विचारून घेतले. "म्या गेणू सुतार. तुमच्या मावशीच्या देवळाचं छप्पर म्याच घालतोय. खिळं सपलं, म्हनून आजचा दीस हितं गेला बगा."

मी त्यांना गेणूमामा म्हणू लागलो, कारण गाडीवानही तसेच म्हणत होता. वाटेत सावरी लाल फुलल्या होत्या. डावीकडे राजगड आणि समोर तोरणा, दोघेही उन्हात कोरडे, भुरे दिसत होते. एका शेतात हरभऱ्याचे डहाळे जाळावर भाजत होते. त्यांनी हाक मारून ओंजळभर हावळा (भाजलेला ओला हरभरा) दिला. पुढे नदीच्या उतारावर चाक दगडात अडकले. मी मदतीला उतरलो आणि शेवाळावरून घसरून कमरेपर्यंत भिजलो. तसबीर मात्र वर धरलेली होती. "सुतार वाचला," गेणूमामा म्हणाले, "बाकी समदं वाळंल."

वाडीत पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता. देऊळ पाहून मला फार आनंद झाला आणि लगेच धसका बसला. भिंती पुऱ्या, तुळई जागेवर, एका बाजूच्या उतारावर कौलेही चढलेली. दुसऱ्या बाजूला मात्र नुसते वासे आणि त्यांतून दिसणारे आभाळ. जुनी झोपडी केव्हाच मोडली होती, तिचे खांब आणि दार याच देवळात गेले होते.

अंगणात सगळे जमले. वाडीचे फादर परदेशातले, पण मराठी पुस्तकासारखे शुद्ध बोलत. ते म्हणाले, "गेणबा, किती काम शिल्लक आहे?"

"रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) ठोकायला एक दीस. कौलं चढवायला एक."

"उद्या रविवार. तो देवाचा वार आहे. माझ्या देवळावर रविवारी हातोडा वाजणार नाही."

"अन् परवा अवस (अमावास्या)," गेणूमामा म्हणाले. "अवसंला आमी हत्याराला हात लावत न्हाई. माज्या बानं लावला न्हाई, त्याच्या बानं न्हाई."

मग फादर हळू आवाजात म्हणाले, "अर्ध्या छपराखाली मी वेदी मांडणार नाही. मिस्सा झाडाखाली चालेल, लग्न नाही. सोमवारी नवरानवरीने पुण्याला निघावे. लग्न तिथे लावू."

मावशीचा गुडघा धरलेला, ती अंगणातून ओट्यावर यायची तरी कुणाचा हात धरून. पुण्याला ती जाऊ शकणार नव्हती. वाडीतलीही कितीशी माणसे जाणार? मावशीने पदराने तोंड पुसले आणि मुलीला म्हणाली, "जा गं बाई तू. म्या हितनं आशीर्वाद दीन."

मार्था चुन्याने फुटलेले आपले हात पुढे करून म्हणाली, "फादर, या भिताडाचा चुना म्या मळलाय. माजी आयच नसंल त्या लग्नाला म्या उभी ऱ्हानार न्हाई. कराचीला मग ह्यो एकलाच जाऊ दे."

तेवढ्यात गेणूमामा माझ्याकडे वळले. "ओ कालेजवालं, तुमचा तो तसबिरीतला सुतार. त्यो अवस पाळायचा का रविवार?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला पुष्कळ माणसांपुढे बोलता येत नाही. कॉलेजात हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज चिरकतो. पण खोटे कसे सांगावे? मी म्हणालो, "ते... ते यहुदी होते ना. त्यांचा विसाव्याचा वार शनिवार."

बोललो आणि वाटले, दोन सुट्ट्या कमी होत्या म्हणून मी तिसरी आणून ठेवली.

गेणूमामांनी बोटांवर वार मोजले. मग मांडीवर थाप मारली. "म्हंजी रविवारी त्यो कामाला व्हता!"

आधी गाडीवान हसला, मग बाया हसल्या. फादर म्हणाले, "गेणबा, तो वेगळा काळ होता..."

"काळ येगळा, पर रंधा त्योच की, बाबा. तुमच्या मानसांनी उद्या हात लावू नका. म्या तुमच्यातला न्हाई, म्या ठोकतो. दर शिवरात्रीला म्या बनेश्वराची सेवा करतो, औंदा ह्या सुताराची करीन. सेवेला तर तुमची ना न्हाई? अन् अवसंला तुमी कौलं चढवा. कौलाला हत्यार लागत न्हाई, हात लागत्यात. तुमच्या सुट्टीला आमी, आमच्या सुट्टीला तुमी."

फादरांनी एकदा उघड्या वाशांकडे पाहिले, एकदा मावशीकडे. शेवटी म्हणाले, "मिस्सेच्या वेळी हातोडा बंद."

"घंटा वाजली की बंद. पुन्ना वाजली की चालू."

रविवारी मिस्सा आंब्याखाली झाली. त्यानंतर दिवसभर गेणूमामा आणि त्यांचा भाऊ छपरावर, आणि आम्ही सगळे खाली हात बांधून बसलेलो. इतका अवघड विसावा मी कधी घेतला नव्हता. खाली पडलेला खिळा उचलावा की नाही, यावरही आमच्यात वाद झाला. दोघा भावांचा उपास होता. दुपारी त्यांनी आपल्या विस्तवात रताळी भाजली आणि सावलीत बसून खाल्ली. त्यांतले एक गेणूमामांनी माझ्याकडे टाकले. मी ते दोन्ही हातांनी झेलले.

"झेलता येतंय की! उद्या रांगंत उबं ऱ्हा."

सोमवारी पाळी उलटली. आमची माणसे ढिगापासून शिडीपर्यंत आणि शिडीवरून छपरापर्यंत उभी राहिली आणि कौले हातोहात वर जाऊ लागली. फ्रान्सिस सगळ्यांत वर होता, मार्था शिडीच्या पायथ्याशी. नवरीने हळद लागायच्या दिवशी कौले उचलू नयेत असे एका म्हातारीने म्हटले, मार्था म्हणाली, "मग तुमी या माज्या जागी." म्हातारी आली नाही. गेणूमामा समोरच्या ओट्यावर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून बसले होते. हात बांधलेले, पण तोंड मोकळे.

"आरं, ते कौल तिरकं बसलं! तिसऱ्या वळीतलं! डावं, डावं! तुजं डावं कंचं रं, फ्रान्शीस? कराचीला गेल्यावर जहाज कुटं लावशील?"

फ्रान्सिस वरून ओरडला, "मामा, या वर, दावा!"

"अवस हाय म्हनून वाचलास!"

माझ्या हातून एक कौल निसटले आणि खळकन फुटले. मला फार लाज वाटली. "कालेजात कौलं झेलाय शिकवत न्हाईत व्हय? रताळी बरी झेलता येत्यात!" गेणूमामा म्हणाले, आणि सगळी रांग हसता हसता डगमगली. त्यानंतर माझ्या हातून एकही कौल पडले नाही.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा माथ्यावरचे शेवटचे कौल बसले. मावशीला दोघांनी धरून आत आणले. तिने वर पाहिले. कुठेच आभाळ दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "आता अंधार पडला म्हनायचा." आणि तिथेच, ओल्या चुन्याच्या वासात, ती बसून राहिली.

मंगळवारी सकाळी त्याच छपराखाली मार्था उभी राहिली. मावशी पुढच्या पाटावर होती. तसबीर वेदीच्या डाव्या बाजूला टांगली होती. फादरांच्या प्रवचनातले मला एवढेच आठवते, की ते मध्येच थांबून वर पाहत आणि हसत. गेणूमामा दाराशी जोडे काढून बसले होते. जेवणाला ते थांबले नाहीत. एका पंगतीत बसायचा रिवाज नव्हता आणि त्या दिवशी तरी तो कोणी मोडला नाही. मावशीने त्यांच्यासाठी कोरडा शिधा बांधून ठेवला होता. तो घेताना ते म्हणाले, "दाडीत भुसा घाला त्याच्या जरा. मग खरा वाटंल."

बुधवारी पहाटे नव्या देवळात राख लावण्याचा विधी झाला. गेल्या वर्षीच्या शिंदीच्या झावळ्या जाळून ती राख केली होती. 'माणसा, तू माती आहेस,' असे म्हणून फादरांनी ती माझ्या कपाळाला लावली. मग नवरानवरीबरोबर गाडीत बसलो. मार्था मागे वळून लाल छपराकडे पाहत राहिली, वळणाआड ते दिसेनासे होईपर्यंत. नदीवर या वेळी मी उतरलो नाही.

नसरापूरला पुण्याची मोटार मिळाली. शेजारी एक व्यापारी बसले होते. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहून हात जोडले. "बनेश्वराची विभूती का? दर्शन चांगले झाले?"

माझी मान सवयीने हलू लागली होती. मी ती थांबवली.

"नाही," मी म्हणालो, "मी ख्रिस्ती आहे. विंझरच्या पुढे आमचे देऊळ आहे, तिथली ही राख. परवाच छप्पर पुरे झाले."

"अस्सं! आणि सुतार कुठले?"

या प्रश्नाचे उत्तर कात्रजच्या घाटापर्यंत पुरले.