लेकीच्या रग्बीचं तिकीट

तारीख चौदा मार्च. रक्कम ऐंशी हजार. सोप्यात हजर चौघं: मी, बायको, थोरला भाऊ आणि माझी मुलगी. पैसे सांगलीला विकलेल्या हळदीचे, दोघा भावांचे सामाईक, विहिरीवर नवी मोटर बसवायला राखलेले.

मुलगी नऊ वर्षं कबड्डी खेळलेली. गेले चार महिने ती रग्बी लीग शिकत होती. तेरा जणींचा हा खेळ आपल्याकडे नवा. मुलींचा संघ देशाकडून पहिल्यांदाच बाहेर जाणार होता. मात्र निवड झाली तर तिकीट जिचं तिनं काढायचं.

भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "देशासाठी जायचं आन् पैसं आपुनच भरायचं? आमाला तर सरकार पगार देत हुतं."

"आप्पा, तुमची फौज जुनी. आमचा संघ आत्ता निघालाय."

भाऊ हसला, पण हो म्हणाला नाही. आधी खेळ बघतो, म्हणाला.

निवड चाचणी साताऱ्याला होती. आम्ही दोघे भाऊ सकाळपासून मैदानाच्या कडेला बसून इतरांचे सामने बघत होतो. तिच्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला तिला तिघींनी धरून पाडलं. ती उठली, चेंडू समोरच्या मुलीच्या हातात दिला आणि सरळ बाहेर चालू लागली. कबड्डीत पकड झाली की बाद. इथला नियम तिला पाठ होता, पण पायांना नऊ वर्षांची सवय. लोक हसले. निवड करणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं.

भाऊ उठून उभा राहिला. सकाळपासून बघून नियम त्याच्या ध्यानात आला होता.

"आगं, बाद न्हाईस तू! फिर माघारी. हितं सहा बारी धरू देत्यात."

ती वळली ती पळतच. नंतर तिला अकरा वेळा पाडलं, मी मोजलं. अकराही वेळा तिनं उठून चेंडू जमिनीवर ठेवला, पायानं मागे सारला आणि पुढच्या धावेला तयार राहिली. संध्याकाळी यादी लागली. तेवीस नावांत तिचं तेविसावं.

एसटीत भावानं तिकिटं काढली. मग म्हणाला, "मोटर फुडल्या हळदीला बघू."

त्यानंतर ती देशाकडून चार सामने खेळली. तीन हरल्या, एक जिंकल्या.

त्या पहिल्या वेळी सांगलीच्या तिकीट एजंटाला दिले बहात्तर हजार तीनशे. उरलेले सात हजार सातशे भावानं मुलीला वरखर्चाला दिले.